शेऱ्याचा रकाना

कदंबाची बस मांडापाशी तोंड फिरवते.
पुढं रस्ता नाही.
पुढं पायवाट, तिच्यावर गव्याचं ओलं शेण,
आणि मग केळघोळ : तेवीस घरं,
डोंगराच्या काखेत घाबरून शिरल्यासारखी.
नवांना कुलूप. माणसं डिचोलीला, पणजीला,
कुणी आगबोटीवर.

मी कचेरीचा माणूस. नोंदवही, मोजपट्टी,
आणि एक छापील शब्द जवळ : पुरातन.
विचारलं, गाव किती जुनं?
बाबलो झोरे म्हणाला, वारुळाला विचारा.

सातेरीचं वारूळ गाभाऱ्यात वाढतच असतं.
दोनदा ते छपराला टेकलं,
दोनदा गावानं छप्पर वर घेतलं.
देवीला, जरा वाकून बस,
असं म्हणायचं नसतं.
मोजपट्टी मी खिशातच राहू दिली.

मग राई. चपला बाहेर.
आत माट्टीच्या मुळ्या माझ्या कमरेएवढ्या,
आणि दुपारी अकरालाही तिन्हीसांज.
वाळली फांदी पडली तर तिथंच कुजायची,
चुलीत जायची नाही.
एकानं नेली होती म्हणे.
त्याचं नाव कुणी घेत नाही,
त्याचा चौथरा तेवढा दाखवतात,
बोटानं नव्हे, हनुवटीनं.

माझ्या यादीत वीरगळ तीन.
पहिला मांडावर, तेलानं काळा, पायाशी पणती.
दुसरा शेताच्या बांधात छातीपर्यंत गाडलेला,
पावसाळ्यात त्याच्या खांद्यावर
बेडूक बसतो, बाबलो म्हणाला.
तिसरा सापडेना.

काजूच्या बोंडांचा आंबूस वास ओलांडत
व्हाळावर उतरलो.
यमू गावस गोधडी आपटत होती.
पदराच्या गाठीत नऊ घरांच्या किल्ल्या,
दर आपटीला खणखण.
ती थांबली. फेस ओघळला.
फेसाखालून घोड्याचा पाय निघाला,
मग ढाल,
मग वर, माळ घेऊन वाट पाहणाऱ्या अप्सरा,
तोंडं झिजून तिघींचीही सारखी.

हा वीर आहे, मी म्हणालो.
ठाऊक आहे, यमू म्हणाली.
मी लग्न होऊन आले तेव्हा याला नाक होतं.
सासू सांगायची, तिच्या वेळी डोळेपण होते.
आणि हे बघा, इथं कुशीत भाला शिरलाय ना,
इथं आम्ही आपटत नाही.
कडेकडेनं धुतो.

मी हात लावला.
सगळा दगड साबणानं गुळगुळीत,
तेवढी बोटभर जागा खरखरीत,
कोवळ्या खपलीसारखी.

मग मी माझं पाठ केलेलं बोललो :
संग्रहालय, काचेची पेटी, वरून दिवा,
खाली पितळी पाटी.
यमूनं गोधडी पिळली.
तिथं पाणी असतं?

वहीत रकाने होते.
लांबी लिहिली. रुंदी लिहिली.
काळ : अंदाजे, आणि पुढं कोरं.
स्थिती : झिजलेला, जखम शाबूत.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पडला.
शेवटी लिहिलं : वापरात आहे.

साहेब ते खोडतील बहुतेक.

निघताना तिनं भिरंडं दिली ओंजळभर,
आणि न विचारता माझा मळका रुमाल घेतला,
दोनदा चोळला, कडेकडेनं,
पिळून हातात ठेवला.
बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, मिळाला दगड?
मी रुमाल खिडकीच्या गजाला बांधला.
घाटाच्या वळणांवर तो फडफडत राहिला,
वाळपईला पोचलो तेव्हा सुकला होता.